‘तिन्ही खांब पूर्णपणे अलग’? कलमं उघडून बघा

२६ नोव्हेंबरचा संविधान दिन आला की आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये घटनेची उद्देशिका वाचली जाते, चहा-समोसे होतात आणि ग्रुपवर तो ठरलेला मेसेज येऊन पडतो: ‘घटनेने संसद, सरकार आणि न्यायालय पूर्णपणे अलग ठेवलंय. कोर्टाने कायदा रद्द करणं हा संसदेचा अपमान. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी हा अधिकार स्वतःच घेतला.’ यंदा त्याखाली अंगठे उमटवणाऱ्यांत काळे कोटवालेही होते, म्हणून लिहायला घेतलं.

आधी ‘पूर्णपणे अलग’. हीच मागणी सदस्य के. टी. शहांनी १० डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मांडली होती. तिन्ही अंगांची संपूर्ण फारकत करणारं कलम घाला म्हणाले. समितीने ते फेटाळलं. संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातूनच येतात. बाहेरचा घेतला तर सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. मग फारकत होणार कशी? राहिलं ते कलम ५०: न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करा. तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टातून बजावून घेता न येणाऱ्या भागात.

आणि तेवढंही पुरतं झालेलं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १०७ ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी (बॉण्ड) घ्यायची केस, चालवलेल्या कुणालाही विचारा. (नव्या संहितेत ती १२६ झाली, पण तोंडात १०७ च बसलंय.) बांधावरून दोन भावांत जुंपली की पक्षकार नोटीस घेऊन येतो आणि आम्ही कोर्टात नाही, तहसील कचेरीत जातो. साहेब सकाळी वाळूचे ट्रॅक्टर पकडून आलेले असतात. दुपारी त्याच खुर्चीत कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बॉण्ड लिहून घेतात.

अधिकार ‘स्वतःच घेतला’? कलम १३(२) म्हणतं, मूलभूत हक्क हिरावणारा कायदा तेवढ्यापुरता शून्य. कलम २४५ संसदेला कायदा करू देतं, पण घटनेच्या तरतुदींना अधीन राहून. ‘मूलभूत चौकट’, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही संसदेला मोडता न येणारा गाभा, मात्र घटनेत लिहिलेली नाही. ती १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी आली. त्यावर भांडा, जरूर. पण तो वाद घटनादुरुस्त्यांचा, साध्या कायद्यांचा नाही.

अपमानाचं म्हणाल, तर आपल्याच विधानसभेकडे बघा. जुलै २०२१ मध्ये बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. म्हणजे बारा मतदारसंघांना ना आमदार, ना पोटनिवडणूक. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला: निलंबन चालू अधिवेशनापुरतंच. तेच न्यायालय मे २०२३ मध्ये शिवसेनेच्या सत्तासंघर्षात आमदारांची अपात्रता स्वतः ठरवायला बसलं नाही. ते काम विधानसभा अध्यक्षांकडेच ठेवलं.

निवडून न आलेले, हे खरंच. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, ही कॉलेजियमची रीत मलाही खटकते. पण नेमणुकीची तक्रार वेगळी, कायदा तपासायचा अधिकार वेगळा. मेसेजवाल्याने दोन्हींची एकच मोट बांधलीय.

मी ग्रुपवर फक्त कलम १३ चा फोटो टाकला. त्यालाही अंगठे आले. त्याच लोकांचे.