इनोयेचा हात युद्धात गेला हे खरं, पण त्या फॉरवर्डमध्ये बाकी बऱ्याच पुड्या आहेत

हवाईचा अमेरिकी सिनेटर डॅनियल इनोये याच्यावरचा तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याच्या आईवडिलांना जपानी वंशाचे म्हणून छावणीत डांबलं, तरी पोरगा सैन्यात गेला, हातातच ग्रेनेड फुटून उजवा हात गेला, देशाने लगेच सर्वोच्च शौर्यपदक दिलं, मग न्यायासाठी लढायचं म्हणून तो वकील झाला, कृतज्ञ जनतेने त्याला खासदार केलं, तो अमेरिकी संसदेतला पहिला आशियाई, आणि पदाचा मोह नसलेला, निष्कलंक माणूस. खाली हात जोडलेले इमोजी. माणूस खरोखर मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. पण गोष्ट अशी सांगितलीय की जणू त्याने हात दिला आणि देशाने बदल्यात सगळं ताटात वाढून दिलं. असं काही झालेलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आईवडील छावणीत होते, हे साफ चूक. इनोये हवाईतल्या होनोलुलूचा, 1924 चा जन्म. छावण्यांत टाकले ते प्रामुख्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे लोक, लाखाच्या वर. हवाई बेटांवर जपानी वंशाचे दीड लाखाहून जास्त, म्हणजे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही जास्त, त्यांना उचललं असतं तर बेटांवर कामाला माणूसच उरला नसता. त्यामुळे तिथे मार्शल लॉ लावला आणि दोन हजारांच्या आतच लोक आत टाकले, त्यात इनोयेचं घर नव्हतं. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हा 17 वर्षांचा, रेड क्रॉसचं प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला, त्या दिवशी जखमींना उचलत होता. आणि त्याच्यासारख्या पोरांना 1942 मध्ये सरकारने कागदोपत्री शत्रुदेशाच्या नागरिकांच्या वर्गात टाकलं, जन्म अमेरिकेतला असून, म्हणजे सैन्यात भरतीला बंदी. 1943 मध्ये ती बंदी उठली तेव्हा डॉक्टरकीच्या तयारीचं शिक्षण सोडून तो जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या 442 व्या रेजिमेंटमध्ये भरती झाला.

खरी गोष्ट तर छावणीच्या थापेपेक्षा जास्त चटका लावणारी आहे. मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत ट्रेनिंगला हवाईची पोरं आणि मेनलँडची, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची, जपानी पोरं एकमेकांना धरून बडवायची, पटतच नव्हतं. हवाईवाले बिनधास्त, पैसे उडवणारे, मेनलँडवाले गप्प गप्प, कुणाशी मोकळे होईनात. मग हवाईच्या काही पोरांना बसने आर्कान्सातल्या रोवर छावणीत भेटीला नेलं, त्यांना वाटलं मजा आहे, पार्टी आहे. तिथे बघतात तर काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, आणि आत आपल्याच सोबत्यांचे आईबाप. परतीच्या बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही म्हणे. इनोये पुढे आयुष्यभर सांगायचा की मला त्या दिवशी प्रश्न पडला, माझं घरदार असं तारेमागे असतं तर मी भरती झालो असतो का? आणि उत्तर त्याला ठामपणे देता यायचं नाही. फॉरवर्डवाल्याने हा प्रश्नच पुसून टाकला.

हाताचं. तारीख 21 एप्रिल 1945, इटलीत सान तेरेंझोजवळची टेकडी. तीन मशिनगनच्या मोर्चांवर त्याची तुकडी चढत होती, पोटात गोळी लागली तरी हा थांबला नाही. शेवटच्या मोर्चावर फेकायला ग्रेनेड उचलला आणि तेवढ्यात जर्मन रायफल ग्रेनेड त्याच्या उजव्या कोपरावर येऊन फुटला. हात लोंबकळला, पण मुठीत स्वतःचा जिवंत ग्रेनेड तसाच. मदतीला धावणाऱ्या पोरांना ओरडून मागे ठेवलं, डाव्या हाताने मुठीतून तो ग्रेनेड उपसला आणि मोर्चावर फेकला. म्हणजे "हातातच ग्रेनेड फुटला" हे चूक, त्याचा ग्रेनेड जिथे फुटायला हवा होता तिथेच फुटला. इटलीतली लढाई त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत संपली.

"लगेच सर्वोच्च पदक." लगेच? त्याला तेव्हा मिळाला तो डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, एक पायरी खालचा. मेडल ऑफ ऑनर मिळालं जून 2000 मध्ये, क्लिंटनच्या हातून, म्हणजे 55 वर्षांनी. तेही असंच सुचलं म्हणून नाही, हवाईचाच सिनेटर डॅनियल अकाका याने 1996 मध्ये कायद्यात तरतूद करून घेतली की आशियाई वंशाच्या सैनिकांची जुनी पदकं पुन्हा तपासा, वंशामुळे कुणाला डावललंय का बघा. तपासल्यावर एकदम 22 जण निघाले, त्यातले बरेचसे तोपर्यंत वारलेले. याच इटलीत, इनोयेच्या 12 दिवस आधी, 9 एप्रिलला सेनिओ नदीवर आपल्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी मशिनगनचे मोर्चे मारले होते, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस त्याच वर्षी जाहीर झाला. इंग्रजांचं राज्य काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं, पण पदकाच्या बाबतीत तरी त्यांनी पन्नास वर्षं घेतली नाहीत.

वकिली न्यायासाठी वगैरे ठीक आहे, पण त्याला व्हायचं होतं सर्जन, एका हाताने ते जमणार नव्हतं. वीसेक महिने तो हॉस्पिटलांत होता, त्यात मिशिगनच्या बॅटल क्रीकच्या लष्करी हॉस्पिटलात त्याची गाठ पडली पुढे रिपब्लिकन नेता झालेल्या बॉब डोलशी, हाही इटलीत त्याच एप्रिलमध्ये जखमी झालेला. डोलने आपला प्लॅन सांगितला: कायदा शिकायचा, मग राज्याची विधानसभा, मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद. इनोयेने तोच प्लॅन उचलला आणि डोलच्या आधी वॉशिंग्टनला पोचला, आणि नंतर त्यावरून त्याला चिडवायचा. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, मैत्री शेवटपर्यंत.

आता "कृतज्ञ जनतेने खासदार केलं", इथे मला खरा राग येतो. कृतज्ञता बघायची असेल तर हे बघा, छातीवर पदकं, हाताच्या जागी हूक, अंगावर कॅप्टनचा युनिफॉर्म, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूच्या एका न्हाव्याने त्याला दारातूनच परत पाठवलं की आम्ही जपान्यांचे केस कापत नाही. आणि हवाईत तेव्हा राज्य कुणाचं, तर साखरेच्या मळ्यांवर उभ्या असलेल्या पाच मोठ्या कंपन्यांचं, बिग फाइव्ह म्हणायचे त्यांना, आणि विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात. इनोयेचे आजोबा याच मळ्यांवर मजूर म्हणून आलेले. तिथे सत्ता मिळाली ती कुणी दिली म्हणून नाही, खेचून घेतली. जॉन बर्न्स नावाचा होनोलुलूचा माजी पोलीस अधिकारी, त्याने युद्धावरून आलेली ही पोरं गोळा केली. जीआय बिल नावाच्या कायद्यामुळे सरकार माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च द्यायचं, त्यावर इनोये जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत कायदा शिकला, त्यांच्यातलाच स्पार्क मात्सुनागा हार्वर्डला. शिकून आले, वकील झाले, डेमोक्रॅटिक पक्षात घुसले. दुसरीकडे मळ्यातल्या मजुरांची युनियन, तिने 1946 मध्ये 79 दिवसांचा संप करून दाखवला होता. तिसरं म्हणजे 1952 च्या कायद्याने जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला नागरिक होता यायला लागलं, म्हणजे म्हाताऱ्या आईबापांनाही मत. हे सगळं जुळलं आणि 1954 च्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी तिथलं विधिमंडळ पहिल्यांदाच ताब्यात घेतलं. वर्षभरापूर्वी सरकारी वकील असलेला 30 वर्षांचा इनोये थेट बहुमताच्या पक्षाचा नेता. 1959 ला हवाई अमेरिकेचं पूर्ण राज्य झालं तेव्हा तो प्रतिनिधीगृहात, 1962 ला सिनेटवर निवडून आला.

हाताचा उपयोग झालाच नाही असं नाही हां. त्याच 1954 च्या प्रचारात विरोधकांनी कम्युनिस्टांचे मित्र म्हटल्यावर त्याने रिकामी बाही दाखवून सुनावलं होतं की एक हात फॅसिस्टांशी लढताना दिलाय, लागला तर दुसराही देईन. पण बाही दाखवायला आधी स्टेज लागतं, आणि स्टेज त्यांनी स्वतः उभारलं.

पहिला आशियाई? नाही. इनोये पहिला जपानी वंशाचा. पहिला आशियाई खासदार दलीप सिंग सौंद, पंजाबात जन्मलेला, कॅलिफोर्नियातून 1956 मध्येच निवडून आलेला. आपल्याच लोकांनी हे फॉरवर्ड करावं म्हणजे कमाल आहे. सिनेटमध्येही पहिला आशियाई हायरम फाँग, तोही हवाईचाच, रिपब्लिकन.

फॉरवर्डमधला खासदारकीच्या शपथेचा किस्सा मात्र खरा आहे. प्रतिनिधीगृहाचा स्पीकर रेबर्न म्हणाला उजवा हात वर करा, आणि सभागृह चिडीचूप, कारण उजवा हात नव्हता, डावा वर गेला.

निष्कलंक आणि मोह नसलेला, यावर काय बोलणार, माणूस 1963 पासून मरेपर्यंत, डिसेंबर 2012 पर्यंत सिनेटमध्ये बसला! खर्चाच्या समितीवर बसून हवाईला इतका केंद्राचा पैसा नेला की विरोधक नावं ठेवायचे आणि तो अभिमानाने मिरवायचा. 1992 मध्ये एका महिलेने त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, त्याने ते नाकारले, खटला झाला नाही, तरी निवडणुकीत विषय गाजला, फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. आणि ज्यात तो खरोखर उठून दिसला तेही नाही. 1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीत तो होता, तेव्हा निक्सनच्या सहाय्यकांच्या वकिलाने, जॉन विल्सनने, त्याला "तो बुटका जॅप" (जॅप ही जपान्यांसाठीची शिवी) म्हटलं, पत्रकारांशी बोलताना, युद्ध संपून 28 वर्षं झाल्यावर. 2002 मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध सिनेटमध्ये 23 मतं पडली, त्यातलं एक या मेडल ऑफ ऑनरवाल्याचं.

शेवटी एक "तो राष्ट्राध्यक्ष होता होता राहिला" असंही घुसडलंय. निवडणूक कधी लढलाच नाही त्या पदाची. 2010 पासून तो सिनेटचा प्रेसिडेंट प्रो टेंपोर, म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष नसताना सभागृह चालवणारा, होता, राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसांच्या यादीत तिसरा, आणि ते पद प्रथेने बहुमताच्या पक्षातल्या सगळ्यात ज्येष्ठ सिनेटरला जातं, तिथे मेडलचा काही संबंध नाही.