‘पोलिसांविरुद्ध तक्रार करून उपयोग नाही’ : तो सहा मुद्द्यांचा मेसेज पुढे पाठवू नका

मागच्या रविवारी रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. ‘पोलिसांविरुद्ध तक्रार करण्याआधी हे 6 मुद्दे वाचा. एका निवृत्त अधिकाऱ्याचा सल्ला.’ अधिकाऱ्याचं नाव नाही, हुद्दा नाही, एका निकालाचाही उल्लेख नाही. खाली मावशीचं वाक्य : ‘म्हणून मी त्याला म्हणतेय, सोड आता तो विषय.’

‘तो’ म्हणजे माझा मावसभाऊ. आदल्या रात्री नाकाबंदीत गाडीच्या कागदपत्रांवरून बाचाबाची झाली. त्याला चौकीत नेलं, कानाखाली दोन वाजवल्या आणि तीन तास बाकावर बसवून ठेवलं. कुठे नोंद नाही, काही नाही. सोमवारी सकाळी तो अर्ज द्यायला जाणार होता. मेसेज वाचून घरातच बसला. हा मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला आहे, तेव्हा एकदाच सविस्तर लिहितो.

पहिलाच मुद्दा वाचून डोकं फिरतं : ‘पोलिस ठाण्यात मोबाइलवर शूटिंग केलं तर शासकीय गुपिते कायद्याखाली 14 वर्षं आत.’ हा कायदा 1923 चा, हेरगिरीसाठी केलेला. 14 वर्षांची शिक्षा आहे ती लष्करी ठिकाणं, दारूगोळा, संरक्षणाची गुपितं यांच्याशी संबंधित हेरगिरीला. वर्ध्यात नेमकं हेच घडलं होतं. शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक गृहस्थ ठाण्यात गेले, तिथलं बोलणं त्यांनी मोबाइलवर टिपलं आणि पोलिसांनी त्यांच्यावरच या कायद्याखाली गुन्हा दाखल केला. जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. ‘प्रतिबंधित जागे’ची कायद्यातली व्याख्या नेमकी आणि संपूर्ण आहे, तिच्यात पोलिस ठाणं येत नाही, इतकं स्पष्ट लिहून. 2024 मध्ये पाथर्डीच्या एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही हाच अर्थ लावला. शिवाय डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले : कोठडीत, व्हरांड्यात, स्वागतकक्षात, निरीक्षकांच्या खोलीतसुद्धा. न्यायालय जिथे कॅमेरा लावा म्हणतं, ती जागा गुप्त कशी असेल?

आता याचा अर्थ कुणाच्याही तोंडासमोर फोन नाचवावा असा नाही. लैंगिक अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली बाई किंवा अल्पवयीन मूल चित्रीकरणात आलं आणि ओळख उघड झाली, तर तो वेगळा गुन्हा आहे. पोलिसांचं काम अडवलं तर त्याचंही कलम आहे. पण गुपिते कायदा? नाही.

दुसरा मुद्दा, ‘सरकारच्या मंजुरीशिवाय पोलिसावर गुन्हाच दाखल होत नाही.’ मंजुरीचा प्रश्न येतो तो न्यायालयाने खटल्याची दखल घेताना, एफआयआर लिहिताना नाही. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 नुसार सरकारने 120 दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी दिली असंच धरलं जातं.

सगळ्यात घातक आहे तो तिसरा मुद्दा, कारण तो ऐकायला समजूतदार वाटतो. ‘घाई करू नका. खात्याची चौकशी पूर्ण होऊ द्या. दाव्याला 3 वर्षं मुदत असते.’ महाराष्ट्रात असं सांगणं म्हणजे माणसाचा हक्क बुडवणं आहे. महाराष्ट्र पोलिस अधिनियम, 1951 चं कलम 161 काढून वाचा. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा करायचा, तर मुदत आहे सहा महिने. सहा! शिवाय दाव्याआधी नोटीस द्यावी लागते. मारहाण ही कर्तव्याच्या नावाखाली येते का, यावर न्यायालयात वाद होतात आणि कधीकधी ते तक्रारदाराच्या बाजूनेही लागतात, पण त्या भरवशावर कुणी बसून राहू नये. खात्याची चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. फुटेजचंही तेच. 2020 च्या आदेशाप्रमाणे ते 18 महिने जपायला हवं. प्रत्यक्षात बंद कॅमेऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फुटेज राखून ठेवा, असा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच जायला हवा.

‘भरपाई मिळत नाही’, हा चौथा. 1993 च्या निलाबती बेहेरा खटल्यात कोठडीत मेलेल्या तरुणाच्या आईला सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देववले आणि मूलभूत हक्कांच्या बाबतीत सरकारला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही असं बजावलं. पाचवा, ‘सिद्ध झालं नाही तर तुम्हीच आत.’ खोटं आहे हे माहीत असून दिलेली माहिती हा गुन्हा आहे. पुरावा कमी पडणं हा नाही.

सहाव्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो : ‘पोलिस तक्रार प्राधिकरण कागदावरच आहे.’ पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला असं प्राधिकरण नेमा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात आला. आपल्याकडे कायद्यात प्राधिकरण यायला 2014 उजाडलं. ते चौकशी करून अहवाल देतं, कारवाई सरकारच्या हातात. संथ आहे, अपुरं आहे. पण बेकायदा ताब्यात ठेवणं, गंभीर दुखापत, खंडणी, असल्या तक्रारी ऐकणं हे त्याचं कायद्याने ठरलेलं काम आहे, आणि तिथे अर्ज दिल्याने न्यायालयाचा रस्ता बंद होत नाही.

काल मी मावसभावाला घेऊन उपायुक्त कार्यालयात गेलो. दोन अर्ज दिले, एक मारहाणीचा, एक फुटेजचा. दोन्हींवर आवक शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. तिथून सरकारी रुग्णालयात, एमएलसीसाठी, म्हणजे दुखापतीच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीसाठी. डॉक्टरांनी कान तपासला, सूज उतरल्याचं लिहिलं आणि विचारलं, ‘नऊ दिवस कुठे होतात?’