सिबिल नाही म्हणून विद्यार्थ्याचं खातं अडत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "सिबिल स्कोअर नसलेल्या विद्यार्थ्याचं खातं कुठलीच बँक उघडत नाही. बापाचं कर्ज थकलेलं असेल तर पोराला खातं नाही. महाराष्ट्राचं आधार कर्नाटकात चालत नाही. शिष्यवृत्ती बुडायची नसेल तर आधी सिबिल करून घ्या, नाहीतर सोसायटीत खातं काढा." आणि खाली सिबिल करून देणाऱ्या एजंटाचा मोबाईल नंबर. बँकेत खाती उघडण्याच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं आहे. असले मेसेज वाचून पोरं बँकेची पायरीच चढत नाहीत, याचा मला मनापासून संताप येतो. म्हणून त्यातलं एकेक विधान घेतो.

मुख्य विधान सिबिलचं. घेतलेलं कर्ज तुम्ही कसं फेडलं, यावरून काढलेला 300 ते 900 मधला आकडा म्हणजे सिबिल स्कोअर. कर्ज मागायला गेलात की बँक तो बघते, कारण पैसा तिचा आणि तो बुडण्याची भीतीही तिची. बचत खात्यात सगळं उलटं. पैसा तुमचा, आणि तो तुम्ही बँकेच्या हवाली करता. मग तुमची परतफेडीची पत बँकेने कशासाठी तपासायची? रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचे, नियम बचत खात्यासाठी ओळख आणि पत्ता मागतात. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रोजगार हमीचं जॉब कार्ड, यांपैकी काहीही. सोबत पॅन, आणि पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा घोषणापत्राचा फॉर्म. स्कोअरचा त्यात उल्लेखही नाही.

जरा वयाचा हिशेब करा. 21 एप्रिल 2025 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने म्हटलं आहे की दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँका आपापल्या मर्यादेत स्वतः चालवायचं बचत खातं देऊ शकतात. त्याहून लहान असेल तर पालकामार्फत, आणि तो पालक आईसुद्धा असू शकते. दुसरीकडे 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्याला करारच करता येत नाही. करार नाही म्हणजे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे सिबिलही नाही. मेसेज खरा असता तर देशात एकाही शाळकरी पोराच्या नावाचं पासबुक दिसलं नसतं.

ब्रिटनसारख्या देशात विद्यार्थी खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट मिळतो, म्हणजे खात्याबरोबर उधारीच मिळते. म्हणून तिथल्या बँका पत तपासतात. आपल्या साध्या बचत खात्यात उधारी नसते, त्यामुळे तो नियम इथे लागू करण्यात अर्थ नाही.

आता ते "सिबिल करून घ्या." कधीच कर्ज न घेतलेल्याच्या रिपोर्टवर आकड्याच्या जागी 'एनएच' किंवा उणे एक दिसतं. इतिहास नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो भरून काढायचा तर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड अशी काहीतरी उधारी घ्यावी लागते, दुसरी वाटच नाही. म्हणजे एजंट तुमचं आधार, पॅन, ओटीपी घेऊन कुठल्यातरी ॲपवरून तुमच्या नावावर छोटं कर्ज उचलणार. हप्ता चुकला की कोऱ्या पाटीवर पहिला काळा डाग, तोही तुमच्या नावाने. आणि नुसता रिपोर्ट बघायचा असेल तर सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतनोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम 2017 पासून आहे. त्यासाठी कुणाला एक रुपया देऊ नका. "खातं उघडून दे, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर माझ्याकडे ठेव, कमिशन देतो" असं कुणी म्हटलं तर तिथून सरळ उठा. अशा खात्यांतून सायबर चोरीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस शोधत येतात ते खातेदाराला.

बापाच्या थकबाकीचं विधान मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे, आणि आपल्याकडे ऊसबिल लांबलं की पीक कर्ज थकतंच. बचत खात्यापुरतं सांगायचं तर बापाचं कर्ज बापाच्या नावावर, पोराचं खातं पोराच्या नावावर. पीकेपीएसची, म्हणजे गावच्या शेती पतसोसायटीची, किंवा बँकेची थकबाकी पोराच्या शिष्यवृत्तीतून वळती करून घेता येत नाही. फक्त बापाबरोबर संयुक्त खातं काढू नका, तिथे गुंता होतो. एकट्याच्या नावाने काढा.

अर्धं सत्य आहे ते शैक्षणिक कर्जाचं. तिथे आई किंवा वडील सहकर्जदार असतात, म्हणून त्यांचा स्कोअर बघितला जातो आणि त्यावरून अर्ज अडतोही. पण विद्यार्थ्याला स्वतःचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत सांगितलं आहे, आणि अर्थ मंत्रालयाने त्याच वर्षी लोकसभेत त्याचा हवालाही दिला. खातं आणि कर्ज या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली.

महाराष्ट्राच्या आधारचं विधान तर साफ खोटं. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली कितीतरी पोरं शिनोळीवरून रोज बेळगावला कॉलेजला येतात. आधार देशाचं असतं, राज्याचं नव्हे. खोली बेळगावात आणि आधारवर पत्ता गावाकडचा असेल, तर आधार ई-केवायसी करताना सध्याच्या पत्त्याचं स्वतःचं घोषणापत्र चालतं.

"सोसायटीत खातं काढा" हा सल्ला सगळ्यात महागात पडणारा. आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था आहेत. त्यातल्या अनेक चांगल्या चालतात, पिग्मीच्या रोजच्या बचतीवर लोकांनी घरं बांधली, हे मी नाकारत नाही. पण सोसायटी म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. शिवाय एसएसपी या कर्नाटक राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते.

मग खाती खरंच अडतात ती कशामुळे? बहुतेक वेळा नावामुळे. मार्कलिस्टवर 'एस. एम. पाटील', आधारवर पूर्ण नाव. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग मराठी शाळेच्या दाखल्यावर 'डी'ने सुरू होतं, तर आधार केंद्रावर कन्नड पद्धतीने 'जे'ने लिहिलं जातं. संगणक दोघांना दोन माणसं समजतो. त्यात आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असतो, मग ओटीपी येत नाही. ही कामं आधार केंद्रावर जाऊन प्रवेशाच्या आधी उरकावी लागतात.

आणखी एक घोळ. खात्याला आधार 'दिलं' म्हणजे ते शिष्यवृत्तीसाठी 'जोडलं' असं नव्हे. बँकेत संमतीचा वेगळा अर्ज भरून आधार सीडिंग करून घ्यावं लागतं. ते एका वेळी एकाच खात्याला होतं. पैसे तिथेच जातात, मग पोर्टलवर तुम्ही दुसरं कुठलंही खातं लिहा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. अर्ज भरण्याआधी ते बघाच. आणि घरात सिंडिकेट बँकेचं जुनं पासबुक असेल तर त्यावरचा आयएफएससी वापरू नका. ती बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरात विलीन झाली आणि जुने कोड बंद झाले.

पैशाची अडचण असेल तर काउंटरवर 'बेसिक बचत ठेव खातं' असं नाव घेऊन मागा. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला निदान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. अट अशी, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं नसावं. कॅनरा बँकेने तर 1 जून 2025 पासून सगळ्याच बचत खात्यांवरचा किमान शिल्लकीचा दंड काढून टाकला आहे.

एवढं करूनही कुणी "सिबिल नाही, खातं होणार नाही" म्हणालं तर वाद घालत बसू नका. नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी माहिती 14448 या नंबरवर मिळते. कन्नडबरोबर मराठीतही बोलता येतं.