अल्सरचं खापर शेवेवर फोडणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांत एक मेसेज फिरतोय. रामबागेतून सुदामानगरला जातो, तिथून पुण्याच्या नातेवाइकांकडे आणि पुन्हा इंदूरला येतो. मजकूर असा: अल्सर तिखटाने आणि चिंतेने होतो, शेव-जीरावण (पोह्यांवरचा चटपटीत मसाला) सोडा, रोज थंड दूध प्या. दुखण्याची गोळी भरल्या पोटी घेतली तर अपाय नाही. जळजळ थांबली की जखम भरली समजा. आणि दुर्बिणीची तपासणी (तोंडातून नळी घालून जठर पाहणं, म्हणजे एंडोस्कोपी) हा डॉक्टरांचा धंदा.

आधी तिखट. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम म्हणजे अल्सर. आधीच जखम असेल तर पोह्यांवरची शेव झोंबेल, तेव्हा झोंबतं ते टाळावं. पण ती जखम शेवेने पाडलेली नसते. ती पाडणारे मुख्य दोघे: एक जिवाणू आणि दुखण्याच्या गोळ्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जठरातल्या आम्लात काही जगत नाही, असं त्या काळी मानत. लोक ऐकेनात म्हणून मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतःच प्यायला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. ज्यांच्या पोटात हा जिवाणू असतो, त्यांच्यात तो बहुधा लहानपणीच शिरलेला असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जन्मभर काही होत नाही. म्हणजे रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला मसालेदार कंद) खाल्ले म्हणून कुणाला अल्सर होत नाही.

चिंतेचं थोडं खरं आहे. मोठं भाजणं किंवा अतिदक्षता विभागातलं गंभीर आजारपण, अशा वेळी शरीरावर जो ताण येतो त्याने जठराला जखमा होतात. मुलीच्या लग्नाच्या काळजीने दुखणं जास्त जाणवेल, पण जिवाणू किंवा गोळी यांच्याऐवजी तिलाच कारण ठरवू नये. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने आम्ल पुन्हा वाढतं. दूध आवडतं म्हणून प्या, औषध म्हणून नको.

या मेसेजमधली सर्वांत घातक ओळ गोळीची आहे. आपल्याकडे गुडघे धरले की मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची पट्टी येते आणि महिनोन्महिने चालते. जठराचं अस्तर स्वतःला चिकट आवरणाने आणि रक्तपुरवठ्याने जपतं, त्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. या गोळ्या दुखणं थांबवतात ते ही द्रव्यं घटवूनच. गोळी रक्तात मिसळली की परिणाम तिथून होतो, त्यामुळे पोट भरलेलं असलं तरी धोका उरतोच. इंजेक्शननेही सुटका नाही. साठी उलटलेल्यांना, आधी अल्सर झालेल्यांना, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना धोका अधिक. काकू, हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र हे वाचून परस्पर बंद करू नका. पोटाच्या रक्षणाची गोळी सोबत हवी का, हे डॉक्टरांना विचारा. साध्या अंगदुखीला योग्य प्रमाणात पॅरासिटामोल जठराला पुष्कळ सौम्य.

जळजळ थांबली म्हणजे जखम भरली, हेही खोटं. आतड्यातल्या अल्सरचं दुखणं बरेचदा रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री उठतं, खाल्लं की शमतं आणि कित्येक आठवडे गप्पही बसतं. जठरातलं काहींना खाल्ल्यावर वाढतं. म्हाताऱ्या माणसांत आणि नेहमी गोळ्या घेणाऱ्यांत तर कधी कधी दुखतच नाही, एकदम रक्तस्रावच होतो. आम्ल कमी करणारी गोळी आग विझवते, जिवाणू मारत नाही. त्याला अँटिबायोटिकचा, बहुधा 14 दिवसांचा, पूर्ण कोर्स लागतो. जिवाणू गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी तपासायचं.

आता दुर्बीण. प्रत्येकाला लागत नाही, हे कबूल. तरुण माणसाला धोक्याचं लक्षण नसेल तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते. त्याआधी पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी 2 आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असून रिपोर्ट नाही म्हणतो. पण वजन घटत असेल, घास अडकत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा उतारवयात त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर दुर्बीण टाळणं महागात पडतं. जठराचा कॅन्सर कधी कधी साध्या अल्सरसारखा दिसतो, तुकडा तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट फळीसारखं कडक होणं, यांचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो अंदाज घरी बांधत बसू नका. दूध-सोडा न देता, रात्र असली तरी, ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून सोबत घ्या.