पट्टा तुटलेली मशीन

सकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

आईच्या घरकुलाच्या हप्त्याची चौकशी करायला पंचायत समितीत गेले होते. साहेब मीटिंगला गेलेले, म्हणून बाकावर बसून राहिले. समोर भिंतीवर योजनांचा तक्ता. रकाने चारच: योजना, उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी. शिलाई मशीन वाटप, शंभर टक्के. पिठाची गिरणी, शंभर टक्के. अख्ख्या तक्त्यात एकही ओळ नापास नाही!

मला काकूची मशीन आठवली.

धाकट्या काकूला २०१४ मध्ये पायमशीन मिळाली. तालुक्याला मांडव, हार, मशीनवर हात ठेवून फोटो. त्या फोटोपाशी सरकारदरबारी काकूची गोष्ट संपली. ती 'साध्य' झाली. पुढे ती कोणाचं काय शिवते, हातात चार पैसे येतात का, हे विचारायला आजवर एक माणूस तिच्या दारात आलेला नाही. आज त्या मशीनवर टीव्ही ठेवलाय.

हा पैसा कोणाच्या खिशातला नाही. जिल्हा परिषदेला स्वउत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, २० टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. चांगला नियम आहे, भांडून मिळालेला आहे. पण मार्चअखेर तो 'खर्ची पडला' की सगळे सुटले. पैसा खर्च झाला याचा हिशेब चोख. त्यातून काय झालं, याला रकानाच नाही. बाईची कमाई वाढावी म्हणून योजना काढायची आणि मोजायची मात्र मशीन!

काकूच्या शेजारच्या वहिनींनीही तेव्हा अर्ज केला होता. यादीत नाव लागलं नाही. त्यांनी तालुक्याच्या एका टेलरकडून जुनी मशीन हप्त्याने घेतली, फॉल-पिकोपासून सुरुवात केली, आज अख्ख्या वाडीचे ब्लाउज त्या शिवतात. सरकारी कागदात त्या कुठेच नाहीत. म्हणजे मशीन मिळालेली बाई यशस्वी, आणि स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई हिशेबातच नाही. अहो, दोघींना विचारा ना! मिळालेलीलाही आणि न मिळालेलीलाही. तीन वर्षांनी दोघींच्या घरी जाऊन कमाई विचारली, तरच कळेल मशीनने काय केलं ते.

आता तर वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, बिल जोडायचं, मग पैसे खात्यात. त्याने ठेकेदारांची निकृष्ट मशीन बंद झाली, हे मान्य करते. पण जिच्याकडे आधी भरायला पैसेच नाहीत ती काय करणार? सोनाराकडे जाणार, नाहीतर अर्जच करणार नाही. ती बाई मध्येच गळाली, हेही कोणी मोजत नाही. तक्ता तरीही शंभर टक्केच.

विस्तार अधिकाऱ्यांकडे ढीगभर योजना असतात, माणसं कमी असतात. ठीक आहे, मान्य. पण रोजगार हमी ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, तिथे हे अवघड का वाटावं? २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचं काम ग्रामसभेकडे दिलं होतं. काम झालं का, मजुरी मिळाली का, हे गावाने गावात बसून तपासायचं. मग मशीन, गिरणी, शेळ्या यांच्याबद्दल गावाला का विचारत नाहीत? बचत गटाच्या ताईंना प्रत्येक घरातलं माहीत असतं. एक वही आणि एक दुपार पुरे.

घरी आल्यावर रागातच काकूला फोन केला. म्हटलं, काकू, त्या मशीनचा तुला कधी काही उपयोग झाला का गं? वाटलं, नाहीच म्हणेल. ती जरा थांबली. म्हणाली, "झाला की. लॉकडाऊनमध्ये गटाने मास्कचं काम घेतलं होतं. दोन महिने रात्रंदिवस शिवले. गॅसची टाकी माझ्या पैशाने भरली होती, तुझ्या काकांना विचार."

मी गप्पच झाले. हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ती मशीन वाया गेली असंच धरून चालले होते. म्हणजे तिचं अपयश कोणी लिहिलं नाही, तसं यशही कोणी लिहिलं नाही. काकूच्या आयुष्यातले ते दोन महिने कुठल्याच कागदावर नाहीत.

मग बंद का पडली, विचारलं. "पट्टा तुटला गं. चामड्याचा असतो तो. तालुक्याला कोण जाणार त्यासाठी? मग राहिलं ते राहिलंच."

शंभराच्या आतला पट्टा! कोणी वर्षातून एकदा जरी विचारायला आलं असतं, तरी कळलं असतं.

येत्या ग्रामसभेत मी हा प्रश्न लेखी देणार आहे: गेल्या दहा वर्षांत गावात कोणाकोणाला काय मिळालं आणि आज ते चालू आहे का. काकू म्हणाली, मीही येते. रविवारी तिच्याकडे पट्टा घेऊन जातेय.