नन वस्तीत जातात त्या ‘फक्त धर्मांतरासाठी’? सियालदहची गच्ची बघा

नाताळ जवळ आला की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. नन वस्तीत जातात त्या धर्म बदलायलाच, त्यांची कॉन्व्हेंटं पैसेवाल्यांसाठी, आणि सेवेच्या नावाखाली गरीब कायम मिंधा राहतो. तिन्ही मुद्द्यांना मी कोलकात्यातल्या एकाच शाळेवरून उत्तर देते.

आधी पैसेवाल्यांचं. सियालदह स्टेशनच्या परिसरात लोरेटो डे स्कूल आहे; लोरेटो हा नन्सचा एक संघ. १९७९ साली मूळच्या आयर्लंडच्या सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या. आत फी भरणाऱ्यांच्या मुली, बाहेर फुटपाथवर मांडलेले संसार. हे चित्र त्यांनी बदललं. पुढे पट चौदाशेच्या घरात गेला, तेव्हा जवळपास निम्म्या मुली बिनफीच्या होत्या. खासगी शाळांनी २५ टक्के जागा गरीब मुलांना द्यायची शिक्षणहक्क कायद्यातली अट आली २००९ मध्ये, आणि अल्पसंख्याक शाळांना तर ती लागूच नाही. म्हणजे कुणाची सक्ती नसताना हे झालं!

१९८५ पासून शाळेच्या गच्चीवर ‘रेनबो’ नावाचे वर्ग सुरू झाले. फुटपाथवरच्या मुली कचरा वेचून, कामं उरकून, जमेल त्या वेळी यायच्या. उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवायचं नाही. समोर शिकवायला गणवेशातली शाळेचीच मुलगी, एकीला एक. हे शिकवणं तिच्या वेळापत्रकातच होतं. दोघींच्या वयात फारसं अंतर नाही. मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं. ज्यांना रात्री सुरक्षित जागा नव्हती, त्या पुढे शाळेतच राहू लागल्या.

आता धर्मांतर. या सिस्टर श्रद्धेपोटीच हे करतात, प्रार्थना करतात, आणि ते लपवतही नाहीत. पण श्रद्धेने काम करणं वेगळं, आणि अक्षराच्या बदल्यात धर्म मागणं वेगळं. रेनबोचं दार सगळ्या धर्मांच्या मुलींना उघडं होतं. देशाचं चित्र पाहायचं तर जनगणना पाहा: ख्रिस्ती लोकसंख्या १९५१ मध्ये २.३ टक्के होती, २०११ मध्येही २.३ टक्केच.

या वादात मदर तेरेसांचं नावही निघतं. त्यांच्या केंद्रांमधल्या उपचारांवर डॉक्टरांनी टीका केली आहे, ती वाचायलाच हवी. पण त्या १९४८ मध्ये लोरेटोतून बाहेर पडल्या आणि त्यांनी वेगळा संघ काढला. एकीचा हिशेब दुसरीच्या नावावर कशाला?

राहिला मिंधेपणा. सिस्टर सिरिल यांच्या शाळेने वस्त्यांमधल्या आणि खेड्यांमधल्या तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केलं, वीटभट्ट्यांवर वर्ग चालवले. शाळेतल्या मुली आपल्याच आजूबाजूच्या घरांत राबणाऱ्या लहान मोलकरणी हुडकायच्या, त्यांच्याशी मैत्री करायच्या, आणि मग त्यांना शिकायला पाठवा म्हणून घरच्या बाईंशी बोलायला जायच्या.