बॅटरीचे बारा

आमचे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, आमच्या दारात आले तेव्हाच बारा गावचे पाणी प्यायलेले होते, त्यामुळे त्याची बारीकसारीक दुखणी मी वडीलधाऱ्यांच्या सांधेदुखीसारखी सोसत आलो आहे. छत ठिबकते, दार पावसाळी हवेत फुगते, नळ मधूनच उचकी देतो. परंतु यंदा एप्रिलमध्ये, अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या थंडीत त्याच्या बॅटरीने असहकार पुकारला तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

या गाडीत दोन संसार वेगळ्या चुली मांडून राहतात. एक बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती असते. दुसरी घराची, आणि घरातले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा आणि बटण दाबताच भिंतीसकट बाहेर सरकणारी बैठकीची खोली हे सगळे तिच्या जिवावर चालते. कॅम्पग्राउंडवर विजेचा खांब असतो. त्यात जाड केबल खोचली की १२० व्होल्टची वीज आत येते, कन्व्हर्टर नावाची पेटी तिला १२ व्होल्टच्या पातळीवर उतरवते आणि त्याच ओघात बॅटरीही भरत राहते. म्हणजे भरत राहावी, अशी अपेक्षा असते.

कड्यावर येण्याआधीची रात्र आम्ही कैबाबच्या राष्ट्रीय अरण्यात, खांबाविना काढली होती. सातारकर आबा मुक्कामाला असल्यामुळे हीटर रात्रभर चालला आणि बॅटरी चांगलीच उतरली. मला चिंता नव्हती, कारण पुढचे तीन दिवस खांबाचे होते. दाराशेजारच्या फलकावर बॅटरीचे चारही दिवे हिरवेगार दिसत होते आणि आबा दरीच्या खोलीपेक्षा या देशातल्या सॉकेटना बटणे नसतात या गोष्टीने अधिक अस्वस्थ होते. चार्जर वापरात नसतानाही प्लगमध्ये वीज ‘उभी’ असते, हे त्यांच्या मते सुधारलेपणाचे लक्षण नव्हे.

निघण्याच्या सकाळी मी केबल उपसली आणि सारे घर एकदम काळेठिक्कर पडले. केबल परत खोचली, दिवे आले, फलकही ‘बॅटरी पूर्ण’ म्हणू लागला. त्या भरवशावर बैठकीची खोली आत ओढायचे बटण दाबले, तर दिवे मंदावले, खोली कण्हली आणि वीतभर सरकून थांबली. एकट्या कन्व्हर्टरला ते ओझे झेपत नव्हते. बॅटरी जणू त्या गावचीच नव्हती.

मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढला आणि पायरीखालच्या बॅटरीला लावला. त्याने बरोबर १२.० दाखवले, तेव्हा माझ्या पत्नीने “बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट आहेत, मग बिघडले काय?” असा बिनतोड प्रश्न विचारला. बॅटरीत सहा घरे, म्हणजे सेल, असतात, प्रत्येक घर भरलेले असताना सुमारे २.१ व्होल्ट देते आणि त्यांची बेरीज १२.६ च्या पुढे जाते. थोडक्यात, या बॅटरीवर बारा वाजले की तिचे खरोखरच बारा वाजलेले असतात. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाची ही पुन्हापुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. तेव्हापासून इतकी वर्षे लोटली, पण आपल्याला नेमके काय होते आहे ते सांगायला ती अजून शिकलेली नाही.

शेजारच्या गाडीतले निवृत्त गृहस्थ कॉफीचा मग घेऊन आले. कुणाचे बॉनेट उघडले की तिथे सल्लागार उगवतात, हा नियम साताऱ्यात आहे तसाच इथेही आहे. त्यांच्या सांगण्यावरून खांबाचा ब्रेकर पाडून चढवला. कन्व्हर्टरचे फ्यूज काढून उजेडात धरले. तार शाबूत होती. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साठली होती. ती धुवायला मी पत्नीने ढोकळ्यासाठी आणलेला खाण्याचा सोडा नेला. सोड्याचे पाणी पडताच टोके फसफसून ढोकळ्याहून छान फुलली. मीटर मात्र १२.० वरून हलेना.

शेवटी मीटर कन्व्हर्टरच्या तोंडाशी लावला. तिथे १३.६ निघाले, म्हणजे देणारा देत होता. घेणारी उपाशी होती. फलक इतके दिवस कन्व्हर्टरचाच आकडा वाचून मला बॅटरीची खुशाली कळवत होता. वाट मध्येच कुठेतरी तुटली होती, आणि त्या वाटेवर एकच नाके होते: गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तेव्हा बॅटरीची जोडणी तोडण्याचे, दाराला लागून असलेले एक छोटे बटण.

“आबा, या बटणाला कुणी हात लावला होता का?”

“मीच लावतो. रोज बाहेर पडताना बंद करतो. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करावा, हे तुला चौथीत असल्यापासून सांगतो आहे.” मग ते जरा जवळ आले आणि शेजाऱ्यांना मराठी कळत असावे अशा बेताने आवाज खाली आणून म्हणाले, “आणि एक सांगायचे राहिले. ते बटण बिघडले आहे. बंद केले तरी दिवे जात नाहीत. तू गाडीच्या कामात होतास, म्हणून बोललो नाही.”

तीन तास मी ज्या लक्षणाच्या शोधात जमिनीवर लोळत होतो, ते आबांनी पहिल्याच दिवशी टिपून, संस्कारापोटी, मनात ठेवले होते. मी बटण चालूच्या बाजूला दाबले. जमिनीखाली कुठेतरी रिले, म्हणजे बटणाच्या हुकमाने जोडणी करणारा स्विच, ‘टक्’ असा वाजला आणि मीटरचा आकडा १२.० वरून १२.४, १२.९ करत तेराच्या पुढे चढू लागला. दुपारपर्यंत बैठकीची खोली मुकाट्याने आत आली. आबांनी बटणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने ‘हे बटण बंद करू नये’ असे लिहिले आणि खाली तारीख घालून सही केली.

निघताना मी केबल उपसायला गेलो तो खांबावरचा ब्रेकर आधीच पाडलेला. शेजारी मग उंचावून हसले आणि म्हणाले की केबल काढण्यापूर्वी खांबाचा ब्रेकर बंद करणारा माणूस या रांगेत त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. मी ते भाषांतर करून आबांना सांगितले नाही. पण त्यांचा चेहरा पाहता, त्यांना ते कळले असावे.